दर कोण ठरवणार? ल्योंच्या विणकरांचा १८३१ चा प्रश्न

ॲपवरच्या टॅक्सीवाल्यांनी गाड्या बंद ठेवल्या किंवा घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलांनी मोर्चा काढला, की चर्चेत एक जण हमखास इतिहासाचा दाखला काढतो. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या विणकरांनीही असेच माग फोडले होते, पण यंत्र थांबलं का? नाही थांबलं. तेव्हा तुम्हीही गुमान कामाला लागा. हा दाखला इतका घासून गुळगुळीत झाला आहे, की तो खरा आहे का हे कोणी बघतच नाही.

तो अर्धाच खरा आहे. १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या मोजे विणणाऱ्यांनी जे साचे फोडले, ते काही नव्याने आलेलं यंत्र नव्हतं. मोज्यांचा साचा त्याच्याही सव्वादोनशे वर्षं आधी निघाला होता आणि फोडणाऱ्यांचे बाप-आजे त्याच्यावरच जगले होते. एकाच खोलीतले काही साचे फोडले जात, काही शाबूत राहत. ज्या मालकाने मजुरी कापली, किंवा रुंद कापड विणून ते कातरून शिवलेले हलके मोजे बाजारात आणले, त्याचे साचे मोडायचे. रीतसर दर देणाऱ्याला हात लावायचा नाही. संसदेने १८१२ मध्ये साचा फोडणाऱ्याला फाशीची तरतूद केली आणि वाद मिटवला. पुढच्या पिढ्यांच्या लक्षात राहिला तो फक्त हातोडा.

कापडधंद्यातल्या त्या काळच्या बंडांचा गाभा बहुतेक ठिकाणी एकच दिसतो. कागदोपत्री स्वतंत्र असलेल्या, पण ज्यांच्या कामाचा भाव भलताच कोणी ठरवतो अशा माणसांना एकत्र बसून भाव ठरवता येईल का? आणि ठरलेला भाव सरकार पाळायला लावेल का? हा प्रश्न सर्वांत स्वच्छ मांडला गेला फ्रान्समधल्या ल्यों शहरात, १८३१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तिथे तो फौज आणून दाबला गेला. आपल्याकडे तो आज इचलकरंजीच्या मागापासून मुंबईतल्या सिग्नलपर्यंत तसाच पडून आहे, म्हणून ल्योंची गोष्ट नीट सांगायला हवी.

ल्यों म्हणजे रेशमाचं शहर. तिथे रेशीम विणलं जायचं, पण आपल्या डोळ्यांसमोर येते तशी गिरणी, भोंगा, चिमणी यांतलं काहीच नव्हतं. वर काहीशे व्यापारी होते. ते कच्चं रेशीम विकत घ्यायचे, नक्षी काढून घ्यायचे, गिऱ्हाईक धरायचे. त्यांच्याकडे माग नव्हता. माग होता सुमारे आठ हजार मागवाल्यांकडे, प्रत्येकाच्या घरात दोन, तीन, क्वचित सहा. त्या मागांवर मागवाला स्वतः, त्याची बायको, पोरं आणि कामाला ठेवलेले कारागीर राबत. कारागिरांची संख्या तीस हजारांच्या घरात होती. व्यापारी रेशीम तोलून द्यायचा, मागवाला कापड विणून परत आणायचा, मजुरी लांबीवर. त्यातली साधारण निम्मी कारागिराला. या सगळ्या विणकर मंडळींना शहरात कान्यू म्हणत.

मागवाला हा नोकर नव्हता. हत्यार त्याचं, घर त्याचं, भाडं त्याचं, तेल-दिवा त्याचा, कामाला ठेवलेला माणूस त्याचा. कायद्याच्या नजरेत तो आणि व्यापारी हे दोन स्वतंत्र धंदेवाले होते आणि त्यांच्यात होता तो निव्वळ सौदा.

या स्वातंत्र्याचं आतून काय रूप होतं ते क्रुआ-रूसच्या टेकडीवर गेलं की दिसायचं. ल्योंच्या उत्तरेला असलेलं हे तेव्हा वेगळं गाव होतं आणि इथल्या इमारती खास मागांसाठी बांधलेल्या. छत चार मीटरच्या आसपास उंच, कारण जॅकार्डचा माग त्याहून कमी उंचीत मावत नाही. खिडक्या उंच, कारण रेशमाचा धागा जोडायला उजेड लागतो. एवढी मोठी खोली, पण जमीन सगळी मागांनी खाल्लेली. झोपायला छताखाली एक लाकडी माळा टाकलेला, त्यावर घर आणि कारागीर. खाली बायका कांड्या भरणार, धोटा पहाटेपासून रात्रीपर्यंत धावणार. मागाच्या त्या खडखडाटाला ल्योंकरांनी ‘बिस्तांक्लाक’ असं नावच पाडलं होतं.

जॅकार्डबद्दल इथेच बोलून टाकतो, कारण यंत्राचा मुद्दा त्याच्यापाशी येतो. जोझेफ-मारी जॅकार्ड ल्योंचाच, विणकराचा मुलगा. शतकाच्या सुरुवातीला त्याने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवली आणि नक्षीसाठी दोऱ्या ओढायला बसणाऱ्या पोराची गरज संपवली. सुरुवातीला त्याच्या यंत्रावर राग निघाला हे खरं आहे. पण १८३१ पर्यंत जॅकार्ड घराघरात पोहोचला होता. मागवाल्याने तो स्वतःच्या पैशाने, बहुतेकदा कर्ज काढून बसवला होता. नोव्हेंबरात ज्यांनी बंदुका उचलल्या, त्यांचं यंत्र त्यांच्याच घरात होतं. ते फोडायचं तर स्वतःची भाकरी फोडल्यासारखं झालं असतं. आणि दराचं भांडण तर जॅकार्डच्या आधीचं. १७८६ मध्ये ल्योंचे विणकर उठले होते ते मापामागे दोन सू, म्हणजे दोन बारकी नाणी, वाढवून मिळावेत म्हणून. तेव्हा जॅकार्डचं यंत्र कुणी पाहिलंही नव्हतं.

आता व्यवहार बघा. नवी नक्षी आली की माग नव्याने बांधावा लागे. ताणा भरायचा, हजारो धागे एकेक करून ओवायचे, पुठ्ठ्यांची माळ चढवायची. यात कित्येक दिवस जात आणि त्या दिवसांची मजुरी शून्य, कारण मजुरी विणलेल्या लांबीवर. लांब काम मिळालं तर ते भरून निघे. पण व्यापाऱ्याने दहा-पंधरा मीटरचाच तुकडा काढून नक्षी बंद केली, तर सगळी बांधणी मागवाल्याच्या डोक्यावर. घटीचं भांडण वेगळंच. रेशीम हवेतली ओल शोषतं. ओलं रेशीम तोलून दिलं आणि कोरडं कापड तोलून घेतलं, तर फरकाची चोरी विणकराच्या नावावर. विणकरही अधूनमधून रेशीम मारत, हेही लपवण्यात अर्थ नाही. त्याचा चोरबाजार शहरात चालायचा. कापड द्यायला गेलं की व्यापाऱ्याच्या दुकानातल्या जाळीमागे तासन् तास उभं राहायचं. त्या जागेला विणकर पिंजरा म्हणत. आत गुमास्ता कापड उलटंपालटं करून खोट काढणार आणि हिशोबात कात्री लावणार.

१८३० च्या जुलै क्रांतीनंतर धंदा बसला होता. पुढच्या वर्षी मागणी परत आली, पण दर परत आले नाहीत. साध्या कापडाच्या विणकराला दिवसाला अठरा सू मिळतात, म्हणजे पुरता एक फ्रँकही नाही, हा आकडा त्या काळच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतो. जुने लोक नेपोलियनच्या काळातल्या चार फ्रँकांच्या आठवणी सांगत.

मागवाल्यांनी काय केलं? संघटना बांधायला बंदी होती. १७९१ च्या ल शापलिए कायद्याने क्रांतीच्याच नावाखाली मजुरांचे आणि कारागिरांचे संघ मोडले होते, आणि दंडसंहितेप्रमाणे वीसहून जास्त माणसांच्या मंडळाला सरकारी परवाना लागे. प्येर शार्निए नावाच्या मागवाल्याने १८२८ मध्ये तोड काढली. परस्पर साहाय्याची मंडळी स्थापन करायची आणि ती वीसपेक्षा कमी माणसांच्या छोट्या छोट्या गटांत वाटायची. प्रत्येक गट कायद्याच्या आत, सगळे मिळून एक संघटना. हा शार्निए राजेशाहीवादी, धर्मनिष्ठ कॅथलिक होता. त्यामुळे तो पुढच्या डाव्या इतिहासात नीट बसत नाही आणि उजव्यांना त्याची गरज नाही. बहुधा म्हणूनच त्याचं नाव फारसं ऐकू येत नाही.

ऑक्टोबर १८३१ मध्ये मागवाल्यांनी प्रीफेक्टकडे, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारख्या अधिकाऱ्याकडे अर्ज केला: व्यापाऱ्यांना आणि आम्हाला समोरासमोर बसवा, कोणत्या कापडाला किमान किती मजुरी याचं एक दरपत्रक ठरवा. बुव्हिए-द्युमोलार नावाच्या त्या अधिकाऱ्याने ते मान्य केलं. २५ ऑक्टोबरला दोन्ही बाजूंचे बावीस-बावीस प्रतिनिधी बसले. क्रुआ-रूसवरून सुमारे सहा हजार विणकर खाली उतरून आले, बिनहत्यारी, रांगेने, घोषणा न देता. दरपत्रकावर सह्या झाल्या. १ नोव्हेंबरपासून ते लागू व्हायचं होतं. त्या रात्री टेकडीवर खिडक्यांत दिवे लागले आणि लोक नाचले.

मग १०४ व्यापाऱ्यांनी हात वर केले. आमच्या वतीने कुणी सही केली ते आम्हाला मान्य नाही, असं त्यांनी पॅरिसला लिहिलं. पॅरिसच्या मंत्रिमंडळाला तर हे दरपत्रकच नको होतं. माल आणि मजुरी यांचा भाव दोन व्यक्तींमधल्या मुक्त करारानेच ठरला पाहिजे, त्यात सरकारने पडणं म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, हा त्या सरकारचा धर्म होता. दरपत्रकाला कायद्याचं बळ नाही, तो फार तर सन्मानाने पाळायचा शब्द आहे, असं कळवण्यात आलं. खुद्द प्रीफेक्टलाही मग तीच भाषा बोलावी लागली. व्यापाऱ्यांना हवं होतं ते मिळालं. दरपत्रकाप्रमाणे पैसे मागणाऱ्याला काम देणं त्यांनी बंद केलं.

ज्यांनी एकत्र येऊन दर ठरवला तो करार नव्हे आणि ज्यांनी तो मोडला ते मुक्त कराराचे पाईक, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत उघडं ढोंग वाटतं. शिवाय शेकडा व्यापाऱ्यांनी एका कागदावर सह्या करून दर नाकारला, तर तेही एकत्र येणंच होतं की. ल शापलिए कायदा त्यांना आठवला नाही.

सोमवार, २१ नोव्हेंबर. विणकर टेकडीवर जमले. घरोघर जाऊन चालू माग बंद करवले आणि मोर्चा खाली निघाला. वाटेत नागरी पथकाने गोळी चालवली. त्या पथकात मुख्यतः व्यापारीच होते. मग टेकडीवर काळा झेंडा लागला, त्यावरची ओळ नंतर जगभर गेली: काम करत जगू, नाहीतर लढत मरू. दोन दिवस लढाई झाली. दोन्ही बाजू धरून सुमारे सहाशे माणसं मेली किंवा जखमी झाली. २२-२३ च्या रात्री जनरल रोगे फौज घेऊन शहराबाहेर निघून गेला आणि फ्रान्समधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर विणकरांच्या हातात आलं.

हातात आल्यावर त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. पहारे बसवले. श्रीमंतांच्या वस्तीत गस्त घातली, लूट होऊ दिली नाही. काही प्रजासत्ताकवादी मंडळींनी संधी साधून राज्य उलथण्याचा जाहीरनामा भिंतींवर लावला, तेव्हा विणकरांच्या पुढाऱ्यांनी तो झिडकारला आणि त्याच प्रीफेक्टशी बोलणी चालू ठेवली. त्यांना राज्य नको होतं, त्यांना दरपत्रक हवं होतं. राजकीय पुढाऱ्यांना ही माणसं भाबडी वाटली असतील. मला वाटतं त्यांना आपलं भांडण नेमकं कशाशी आहे ते ठाऊक होतं.

३ डिसेंबरला युद्धमंत्री मार्शल सूल्त आणि राजाचा थोरला मुलगा वीसेक हजार सैन्य घेऊन शहरात शिरले. दरपत्रक रद्द झालं. प्रीफेक्टला घरी पाठवलं गेलं, कारण त्याने विणकरांशी बोलण्याची चूक केली होती. क्रुआ-रूसवर नजर ठेवतील अशा बेताने किल्ले बांधायला सरकारी तिजोरीत पैसा निघाला. नंतर रिओमच्या न्यायालयात खटले चालले आणि जवळजवळ सगळे आरोपी सुटले. माणसं निर्दोष ठरली, दर मात्र बेकायदाच राहिला.

त्याच डिसेंबरात पॅरिसच्या एका मोठ्या वृत्तपत्रात सँ-मार्क जिरारदँ या प्राध्यापकाने लिहिलं, की समाजाला ज्या रानटी टोळ्यांचा धोका आहे त्या कॉकेशसमध्ये किंवा तार्तरीच्या गवताळ प्रदेशात नाहीत, त्या आपल्याच कारखानदार शहरांच्या उपनगरांत राहतात. सुशिक्षित माणूस घाबरला की कसं लिहितो याचा हा नमुना आहे. पुन्हा सांगतो, हे त्या माणसांबद्दल लिहिलं होतं, ज्यांनी जिंकलेल्या शहरात श्रीमंतांच्या घरांवर पहारा दिला.

दोन वर्षांनी हेच पुन्हा, जास्त रक्त सांडून. फेब्रुवारी १८३४ मध्ये प्लश कापडाचा दर कापला गेला म्हणून सगळ्या ल्योंचे माग आठवडाभर बंद राहिले. संप फसला, पुढाऱ्यांवर खटला भरला. त्याच वेळी पॅरिसमध्ये मंडळांविरुद्धचा नवा कायदा झाला. त्यात वीसपेक्षा कमी माणसांचे गट पाडले तरी ते सगळे मिळून बेकायदाच, असं स्पष्ट लिहिलं होतं. शार्निएची तोड बरोबर हेरून बुजवली होती. ९ ते १५ एप्रिल शहरात तोफा चालल्या, तीनशेहून जास्त माणसं मेली.

इथवर विणकरांची बाजू. आता त्यांच्याविरुद्ध जे खरोखर बोलता येतं ते बोललं पाहिजे, कारण ल्योंच्या व्यापाऱ्यांचा युक्तिवाद अगदी पोकळ नव्हता. झ्युरिच आणि क्रेफेल्डमध्ये स्वस्त रेशीम विणलं जात होतं. ल्योंने दर वाढवला तर गिऱ्हाईक तिकडे जाईल, असं ते म्हणत. आणि लंडनचं उदाहरण समोर होतं. स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांना १७७३ च्या कायद्याने न्यायाधीशांनी ठरवलेला दर मिळत होता. पन्नास वर्षं तो चालला. पण कायदा फक्त लंडन आणि मिडलसेक्सपुरता होता, त्यामुळे व्यापाऱ्यांनी काम मॅकल्सफील्डला, एसेक्सला, नॉर्विचला नेलं. १८२४ मध्ये कायदा रद्द झाला तेव्हा त्याच्या विरोधकांनी हेच बोट दाखवलं: बघा, दर बांधला की काम पळतं.

ल्योंमध्येही काम पळालं, आणि तिथे तर दर बांधलेलाही नव्हता. १८३४ नंतर व्यापाऱ्यांनी माग हळूहळू आसपासच्या खेड्यांत पसरवले, जिथे शेतकरी कुटुंब फावल्या वेळात कमी मजुरीवर विणेल आणि झेंडा लावणार नाही. १८३५ मध्ये जुजुरिए इथे एका व्यापाऱ्याने मोठा कारखाना काढला. तिथे गावाकडच्या मुली वसतिगृहात राहायच्या आणि त्यांच्यावर देखरेख नन्सची. म्हणजे काम पळतं ते दर बांधल्यामुळे नव्हे. जिथे माणूस एकटा आणि गरजू सापडतो तिथे ते पळतंच. दर बांधायचा तर तो सगळ्या धंद्याला, सगळ्या मुलखाला बांधला पाहिजे, हे स्पिटलफील्ड्सवरून शिकायचं. दर बांधूच नये हे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. दरपत्रक मागवाल्यांचं होतं. शार्निएच्या मंडळीत फक्त मागवाले. कारागिरांना त्यात जागा नव्हती, त्यांना १८३२ मध्ये आपली वेगळी मंडळी काढावी लागली. कांड्या भरणाऱ्या, ताणा लावणाऱ्या बायका आणि शिकाऊ पोरं यांच्या मजुरीबद्दल त्या टेबलावर कोणी बोललं नाही. व्यापारी मागवाल्याला पिळायचा आणि मागवाला त्यांना. दर वरून खाली झिरपेल अशी आशा होती, तशी ती आजही असते.

इचलकरंजीचा वाचक आतापर्यंत हसला असेल. त्याच्याकडे या सगळ्याला शब्द तयार आहेत. जो यंत्रमागधारक स्वतः सूत विकत घेत नाही, व्यापाऱ्याकडून बिमं, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ, घेऊन मजुरीवर कापड विणून देतो, त्याला तिथे खर्चीवाला म्हणतात. माग त्याचा, वीजबिल त्याचं, कर्ज त्याचं, कामगार त्याचा. सूत, कापड आणि भाव व्यापाऱ्याचा. मजुरी मीटरला, पिकाच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, हिशोबाने. त्याच्या खाली कामगार, त्यालाही मीटरवर. कामगार मजुरीवाढ मागतो तेव्हा खर्चीवाला म्हणतो, व्यापारी मला देत नाही तर मी कुठून देऊ? आणि तो खोटं बोलत नसतो. मग कधी प्रांत कचेरीत, कधी कामगार आयुक्तांकडे बैठक बसते, वाढ जाहीर होते, काही जण देतात, काही जण ती फक्त घोषणा असल्याचं सांगतात. २०१३ च्या संपातही मूळ दुखणं हेच होतं. प्रीफेक्टची खुर्ची आपल्याकडे आहे, तिच्या शब्दाला वजन किती याबद्दल मात्र ल्योंइतकीच अनिश्चितता आहे.

‘स्वतंत्र धंदेवाल्यांचा भाव सरकार कसा ठरवणार?’ असं विचारणाऱ्याला महाराष्ट्रात तरी हे आश्चर्य वाटायचं कारण नाही. ऊस उत्पादक शेतकरी कुणाचा नोकर नाही, तरी एफआरपीपेक्षा, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा, कमी देणं कारखान्याला बेकायदा आहे, आणि त्यावरून कोल्हापूर-सांगलीत दर हंगामाला रस्ते अडतात. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चालकही कुणाचा नोकर नाही. त्याचा दर परिवहन प्राधिकरण ठरवतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत किमान भाडं २८ वरून ३१ रुपये झालं. यामुळे मुक्त कराराचं आभाळ कोसळलेलं नाही. आपण हे दर सरकारने ठरवायचे असतात इतकं गृहीत धरतो, की ही ल्योंच्या दरपत्रकाचीच जात आहे हे लक्षातही येत नाही.

मग त्याच रस्त्यावर ॲपची टॅक्सी चालवणाऱ्याच्या बाबतीत अचानक तत्त्वज्ञान का आठवतं? त्याची गाडीही त्याची, कर्जही त्याचं, आणि भाव मात्र फोनमध्ये कुणीतरी ठरवतो, तोही दिवसातून अनेकदा बदलून. जुलै २०२५ मध्ये मुंबईतल्या या चालकांनी गाड्या बंद ठेवल्या. त्यांच्या मागण्यांतली मुख्य होती ती मीटर टॅक्सीइतक्या दराची. यंत्र बंद करा असं कोणी म्हटलं नाही. ॲप त्यांच्या खिशातच होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. तारीख ल्योंचीच पडली, हा निव्वळ योगायोग. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार पहिल्यांदा कायद्यात आला, हे चांगलंच झालं. पण व्याख्या बघा: पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर काम करणारा. त्याच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के हिस्सा एका निधीत टाकायचा. आजारपण, अपघात, म्हातारपण यांची तरतूद त्यातून व्हायची. दराबद्दल एक शब्द नाही. किमान वेतन ज्या वेतन संहितेत आहे, ती नोकरासाठी आहे, आणि हा नोकर नाही. व्यापाऱ्यांनी विणकरांना आजारपणाची मदत दिली असती आणि दरपत्रक फाडलंच असतं, तर १८३१ चं भांडण मिटलं असतं असं मला वाटत नाही.

बरं, सरकार दर ठरवत नाही तर त्यांनी आपसात ठरवावा? तिथे आणखी पेच आहे. स्वतंत्र धंदेवाल्यांनी संगनमताने भाव ठरवणं स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये अडकू शकतं. ल शापलिएचं भूत इथे वेगळ्या वेषात उभं आहे. उलट बाजूने ॲप कंपन्या हजारो स्वतंत्र चालकांचा एकच भाव ठरवतात, हे संगनमत नाही का, अशी तक्रार स्पर्धा आयोगाकडे गेली होती. आयोगाने ती २०१८ मध्ये फेटाळली, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो निर्णय उचलून धरला. कायदेशीर तर्क असेल त्याला. चालकाच्या जागी बसून बघितलं तर वरून एकाने सगळ्यांचा भाव ठरवला तर धंदा, आणि खालून सगळ्यांनी मिळून ठरवला तर कारस्थान. युरोपीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून एकट्याने काम करणाऱ्या स्वयंरोजगारी लोकांच्या सामूहिक करारांना स्पर्धा कायद्याच्या कचाट्यातून सूट दिली. तेवढी दुरुस्ती आपल्यालाही करता येण्यासारखी आहे. त्यासाठी त्यांना नोकर ठरवण्याचीही गरज नाही, ज्या वादात न्यायालयांची वर्षं जातात.

ल्योंकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती हरलेल्या लढाईतून वाचली. नेपोलियनच्या काळात, १८०६ मध्ये, ल्योंच्या रेशीमधंद्यासाठी एक तंटा मंडळ नेमलं होतं: पाच व्यापारी, चार मागवाले. म्हणजे मतदान झालं तर निकाल आधीच ठरलेला. १८३१ नंतर मागवाल्यांनी तिथली निवडणूक गांभीर्याने लढवली. शार्निएही निवडून आला. त्यांचं साप्ताहिक ‘लेको द ला फाब्रिक’ या मंडळाच्या सुनावण्या दर रविवारी छापायचं. कुणी घटीचे पैसे कापले, कुणी माग बांधून घेऊन काम दिलं नाही, हे नावानिशी. १८३१ ते १८३४ असं तीन वर्षांपेक्षा कमी काळ ते चाललं. आपल्याकडे कष्टकऱ्यांसाठी ‘दीनबंधू’ निघायला १८७७ उजाडावं लागलं, त्याच्या कितीतरी आधीचं हे पत्र. त्यात क्रांतीच्या आरोळ्या शोधणाऱ्याची निराशा होईल. पानंच्या पानं तक्रार आणि हिशोबाची आहेत. पण बांधणीचे दिवस, ओल्या रेशमाचं वजन, पिंजऱ्यातली खोटी या गोष्टी चव्हाट्यावर आल्या त्या त्यातूनच. ते तंटा मंडळ पुढे फ्रान्सभर पसरलं, १८४८ मध्ये दोन्ही बाजूंना समान जागा मिळाल्या आणि कामगार न्यायालय म्हणून ते आजही चालू आहे.

ॲपच्या कामात बांधणीचे दिवस म्हणजे ऑर्डरची वाट बघण्यात गेलेले तास आणि रिकामी गाडी परत आणण्याचे किलोमीटर. घट म्हणजे ग्राहकाच्या एका तक्रारीवर कापलेले पैसे, ज्याचा जाब कुणाकडे मागायचा तेच कळत नाही. हे मोजता येतं. सगळा हिशोब कंपनीच्या संगणकात सेकंदापर्यंत पडलेला असतो, विणकराला तर घड्याळही शेजाऱ्याचं बघावं लागलं असेल. तेव्हा राज्य पातळीवर दर मंडळ नेमा. त्यात चालकांचे आणि पोहोचवणाऱ्यांचे प्रतिनिधी निवडून आलेले असू द्या, कंपन्यांइतक्याच जागांवर. वाट बघण्याच्या वेळेचा हिशोब त्या मंडळासमोर खुला करा. यंत्रमागासाठीही तसंच मंडळ लागेल, आणि त्यात व्यापारी आणि खर्चीवाले यांच्याबरोबर कामगार आणि कांड्या भरणाऱ्या बायका बसल्या पाहिजेत. ते एकट्या इचलकरंजीपुरतं असून भागणार नाही. भिवंडी, मालेगाव, आणि पुढे सुरतही त्यात धरावं लागेल, नाहीतर स्पिटलफील्ड्सचं मॅकल्सफील्ड होईल. पहिली बैठक एखाद्या प्रांत कचेरीत झाली तरी चालेल. फक्त तिथे ठरलेल्या दराबद्दल महिन्याभराने वरून ‘हा नुसता सन्मानाचा शब्द आहे’ असं पत्र येणार नाही, एवढी तजवीज आधी कायद्यात करून ठेवावी लागेल.